शेजारणीचं गणित

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की आजही मला एका जागी बसवत नाही.

असोद्याच्या मळ्यात आमची शाळा अशाच धुरात भरायची. आबांनी आम्हा भावंडांना शाळेत घातलंच नव्हतं. ते घरीच शिकवायचे. आई भरताची वांगी उलटायची, आबा गणित घालायचे. ज्याला सुटेल त्याने ते दुसऱ्याला समजवायचं, मगच ताटं वाढायची, हा घरचा कायदा.

चौथीची परीक्षा बाहेरून द्यायला मी पहिल्यांदा शाळेच्या वर्गात बसले. माझं गणित सुटलं. शेजारची मुलगी रडकुंडीला आली होती, म्हणून मी वळून तिला चांगलं मोठ्याने समजवायला लागले.

"उत्तर सांगतेस?" गुरुजींनी माझा पेपर ओढून घेतला आणि मला बाहेर काढलं.

शाळेबाहेरच्या निंबाखाली आबा उभे होते. हुंदके देत मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ते आत जाऊन भांडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पन तिले समजलं का?"

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता त्या मुलीचा चेहराही आठवत नाही. पण वांगी भाजू लागली की मी उगाच दारापर्यंत जाऊन येते. तिला समजलं होतं का?