सरोजम्मांनी धरलेला हात

आईला जाऊन तीन महिने झाले होते. जन्मभर मी दुसऱ्यांची माणसं सांभाळली आणि तिच्या शेवटच्या घटकेला मी वॉर्डात ड्यूटीवर होते. त्यानंतर अंबाबाईपुढे हात जोडावेसेच वाटेनात. जे. पी. नगरच्या घरातून निघायचं, इस्पितळात चार्ज घ्यायचा, ताप-बीपी लिहायचं, सलाइन बदलायचं, जखमांची पट्टी करायची. हात चालायचे, मन कुठेच नसायचं.

त्या दिवशी दोघी जणी रजेवर, म्हणून त्यांचे पेशंटही माझ्याकडे आलेले. दुपारच्या जेवणाआधी मी सात नंबरच्या सरोजम्मांसाठी इन्सुलिन भरलं. आठ नंबरलाही सरोजम्माच होत्या. म्हाताऱ्या, ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेल्या. दाखल झाल्यापासून त्या कोणाशी, अगदी पोटच्या मुलीशीही बोलल्या नव्हत्या. इंजेक्शनआधी मनगटाच्या पट्टीवरचं नाव-नंबर वाचायचं, हे मी नव्या मुलींना रोज शिकवते. त्या दिवशी मीच नुसता पलंगाचा आकडा पाहिला आणि दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

तेवढ्यात त्या बाईंनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, "ऊट आयता, मगळे?"

जेवलीस का गं पोरी. आई रोज दुपारी फोनवर असंच विचारायची, आमच्या घरच्या अर्ध्या कानडी मराठीत, "ऊट झालं का गं?" माझे डोळे भरून आले. सुई ट्रेमध्ये ठेवून मी त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा मनगटावरचा नंबर दिसला. या आठ नंबरच्या सरोजम्मा होत्या. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून वॉर्डातल्या आयाबाईंनी सकाळी दोघींचे पलंग बदलून दिले होते. त्यांना साखरेचा आजार नव्हता, आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. ते इन्सुलिन टोचलं असतं, तर साखर उतरून त्यांचा जीवच गेला असता.

इन्सुलिन ज्यांचं त्यांना देऊन मी सरळ इन्चार्ज सिस्टरांकडे गेले आणि काही न लपवता सांगितलं. नोकरी जाईल असंच वाटत होतं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "सगळं लिहून दे. पण आधी जेवून ये."

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे मी सरोजम्मांना विचारलं, तर आपण असं काही बोललो हे त्यांना आठवतही नव्हतं. मीही खोदून विचारलं नाही. सगळं मीच सांभाळते, या ताठ्यात इतकी वर्षं गेली. मलाही कोणी सांभाळत असेल, हे कधी सुचलंच नव्हतं.

घरी जायच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि कित्येक दिवसांनी मनातल्या मनात अंबाबाईपुढे माझे हात जुळले; देवीकडे मागायचं मात्र आता काही उरलं नव्हतं.