तबलीच्या आतल्या पट्ट्या

तंबोऱ्याच्या दुकानात बोलायला बंदी असते, असं सांगितलं तर लोक हसतील. आमच्या दुकानात होती. दिवसभर नव्हे, जवारी काढायची वेळ आली की तेवढ्यापुरती. तारा ज्या हाडाच्या पाटावर टेकतात त्याला घोडी म्हणतात. तिच्यावर कानस फिरवत फिरवत इतका बारीक उतार आणायचा, की तार त्याला जेमतेम चाटून जावी. हीच जवारी. तशी ती चाटली तरच तंबोरा बोलतो, नाहीतर नुसता ठणठणतो. हे काम डोळ्यांचं नव्हे, कानांचं. म्हणून वडिलांनी नियम घालून दिला होता: जवारी चालू असताना दाराची एक फळी ओढून घ्यायची आणि दुकानात जो कोण असेल त्यानं तोंड मिटून बसायचं. गिऱ्हाईक आलं तर हातानंच थांबवायचं. वडील गेल्यावर जवारीचं काम थोरल्या भावाकडे, दादाकडे आलं, आणि नियम तसाच राहिला. या नियमानं आमचं वाटोळं केलं असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. पण नियमाला बोल लावण्यात काय अर्थ? त्याच्याआड जे दडलं होतं ते बघायला मला दोन डोळे होते.

दुकान मंगळवार पेठेत. भोपळा कापणं, दांडी बसवणं, भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे पातळ लाकडाचं झाकण, चिकटवणं, हे माझं काम. घोडी आणि जवारी दादाची. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि मुळातच अबोल. माझं उलटं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक काय घ्यायला आलं होतं ते विसरून जायचं. दादाला विषमज्वर झाला, महिनाभर अंथरुणाला खिळला, त्यातून उठला तो आणखीच गप्प झाला. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे.

दुखण्यातून उठल्यावर त्यानं एक नवीन खोड लावून घेतली. जवारी काढताना तो जबड्याचं हाड तबलीच्या कडेला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि एका बोटानं तार छेडत राहायचा. मग घोडी सरकवून कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा जबडा टेकवायचा. बघणाऱ्याला वाटावं, माणूस देवाच्या पायावर डोकं ठेवून बसलाय. मी गिऱ्हाइकांना ऐटीनं सांगायचो, "बगा पावणं, अशी जवारी दुसरीकडं मिळंल का?" त्या दिवसांत त्याच्या हातची जवारी खरोखरच अशी उतरायची, की खर्ज छेडला तर सगळं दुकान भरून जायचं. म्हणून मला कधी कसली शंका आली नाही.

संस्थान विलीन झालं आणि आमचं गिऱ्हाईक बदललं. दरबाराच्या आधारावर असलेले गवई पांगले, नाटक कंपन्या एकेक करून मिटत चालल्या. आता तंबोरे न्यायचे ते गायनाच्या क्लासवाले, शाळांचे मास्तर. ते एस.टी.च्या टपावर तंबोरा बांधून गावोगाव फिरायचे. वर्षाच्या आत तबली घोडीखाली खचायची. तबली खचली की घोडी बसली, घोडी बसली की जवारी गेली. मग तंबोरा परत आमच्या दारात. कागलच्या एका मास्तरांना मी म्हणालो होतो, "गुरुजी, ह्यो तंबोरा हाय, बैलगाडीची फळी न्हवं." ते हसले, पण तबली दर खेपेला खचायची ती खचायचीच. माझ्या हातच्या लाकडाला नाव ठेवलं जातंय, हे मला खुपत होतं.

त्याच सुमाराला बावड्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यातून बोलावणं आलं. तिथला साहेब विलायतेला गेला होता आणि बंगला एका गूळवाल्या व्यापाऱ्यानं घेतला होता. साहेबाचा पियानो तिथंच पडून होता. "ह्या पेटाऱ्याचं काय हुईल का बगा, न्हायतर बंबात घालतो," व्यापारी म्हणाला. आम्ही दोघं भाऊ गेलो. मी मागची फळी काढली आणि बघतच राहिलो. आत दाराएवढी एक पातळ लाकडी फळी होती, तिच्यावर एवढ्या तारांचा भार, आणि तरी ती कुठं दबलेली नव्हती. उलट मधे किंचित फुगलेली. तिच्या पाठीला तिरक्या, सारख्या अंतरावर, लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. छपराला वासे असतात तशा. म्हणजे भार पट्ट्या उचलत होत्या आणि आवाज फळी देत होती. आमच्या तबलीच्या पाठीला काहीच नसतं. मला एवढा आनंद झाला, की तिथंच ओरडलो, "दादा, हे बग की!"

दादा पियानोच्या दुसऱ्या अंगाला होता. त्यानं लाकडाला जबडा टेकवला आणि मला हातानं खूण केली: वाजव. मी पुढच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतल्या खालच्या सुरांच्या दाबल्या. निम्म्या वाजल्या, निम्म्या नुसत्याच खाली गेल्या. दादा एकदम हसला. मोठ्यानं, पोटातून. दुखण्यातून उठल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुन्हा खूण, पुन्हा सूर, पुन्हा हसू. तो गूळवाला आमच्याकडं वेड्यासारखा बघत होता. मी समजलो, दादाला ही पट्ट्यांची युक्ती पटली. त्याच्या हसण्याचा मी हा अर्थ काढला आणि परत येताना रस्ताभर एकटाच बोलत आलो.

चार-सहा तबल्या फुकट घालवल्यावर माझं जमलं. देवदारी खोक्याच्या तीन पट्ट्या तासून तबलीला आतून सरसानं चिकटवायच्या आणि घोडीचे पाय असे रुंद करायचे की ते बरोबर पट्ट्यांच्या वर यावेत. अशा तबलीवर मी अंगठ्यानं सगळा जोर दिला तरी ती हलेना. मला स्वर्ग दोन बोटं उरला. पहिला तंबोरा दादापुढं ठेवला. अर्ध्या दिवसाचं काम, त्यानं तीन दिवस घेतले. तीन दिवस दाराची फळी ओढलेली आणि आम्ही मुके. मी आतल्या आत चडफडत होतो. पण जवारी कशीबशी बसली, एक क्लासवाला तो तंबोरा खुशीनं घेऊन गेला आणि मी जिंकलो असं धरून चाललो.

मग कुरुंदवाडच्या एका गवईबुवांनी दोन तंबोऱ्यांची जोड सांगितली. सत्तरीचे होते, वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीला गाणं होतं, त्यासाठी त्यांना जोड हवी होती. त्यांना मी नवी तबली समजावून सांगितली, अगदी छाती फुगवून. ते म्हणाले, "तुमच्या दादाची जवारी असंल तर तबली कशाचीबी लावा."

दादानं त्या जोडीला आठ दिवस घेतले. जबडा कडेला टेकवायचा, मग मधे, मग खाली भोपळ्याला. एकदा तर मी त्याला घोडीची कड दातांत धरून तार छेडताना पाहिलं. त्याला घाम आलेला असायचा. नवव्या दिवशी त्यानं दोन्ही तंबोरे माझ्यापुढं आणून ठेवले आणि पाठ फिरवून बसला. मी घाईत होतो, बुवा दारात उभे होते. छेडून न बघताच मी जोड त्यांच्यापुढं ठेवली. ही माझी चूक. दादानं दिलेला तंबोरा आम्ही कधी तपासत नव्हतो, तो अपमान झाला असता.

बुवांनी खाली बसून तार छेडली आणि त्यांचा चेहरा उतरला. एक तार करकरत होती, दुसरी बंद, मधल्या दोन तारांतली एक मधेच दम सोडत होती. त्यांनी दुसरा तंबोरा घेतला. तो त्याहून वाईट.

"हे तंबोरं हायत का पत्र्याचं डबं?" बुवा म्हणाले. "कुणी काढली ही जवारी?"

माझं डोकं फिरलं. माझी तबली, माझ्या पट्ट्या, इतक्या महिन्यांची मेहनत, आणि ह्यानं त्याची माती केली! दादा पाठमोरा बसून घोडीसाठी सांबरशिंगाचा तुकडा घासत होता. मी गरजलो, "दादा! कान हायत का न्हाईत तुला? काय करून ठेवलंस हे? आठ दिवस झोपला हुतास काय?" आणखीही बोललो. ते इथं लिहायची माझी छाती नाही.

दादा शिंग घासत राहिला.

बुवा माझ्याकडं बघेनात. ते दादाच्या पाठीकडं बघत होते. ते उठले, चार पावलं पुढं गेले आणि दादाच्या डोक्यामागं दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली. दादाचा हात जसा चालला होता तसाच चालत राहिला. बुवा माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, "अवो, ह्यांना ऐकू येत न्हाय." त्यांनी वहाणा पायात घातल्या आणि जोड तिथंच ठेवून निघून गेले.

मग दादा वळला. त्यानं माझं तोंड बघितलं, जमिनीवरचे तंबोरे बघितले, रिकामं दार बघितलं. त्याला सगळं कळलं. त्यानं कानस फडक्यानं पुसली, गुंडाळून ठेवली आणि घरी गेला.

वहिनीनं मला स्वैपाकघराच्या दारात सांगितलं. विषमज्वरातच त्याचे कान गेले होते. घरात तो तिच्या ओठांवरून ओळखायचा. दुकानात जवारीच्या वेळी कुणी बोलतच नव्हतं, तिथं त्याचं भागायचं. बाकी वेळी माझी बडबड एवढी, की त्यानं नुसती मान हलवली तरी मला पुरायचं.

"मग इतकी वर्षं जवारी कशी काढली?" मी विचारलं.

"हाडातनं येतंय म्हणत हुते. जबडा टेकला की सूर डोक्यात उतरतोय म्हणत हुते. तुमी आत त्या पट्ट्या घातल्यापास्नं काय येत न्हाय म्हणाले. लाकूड मुकं झालं म्हणाले."

"मला सांगायचं न्हवतं का?"

"भावजी, तुमी किती आनंदात हुता."

मला माझी लाज वाटली, आणि ती वाटली याचा उपयोग कुणालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गरम पाण्याच्या फडक्यांनी सरस सोडवला, दोन्ही तबल्या उचकटल्या, पट्ट्यांसकट बाजूला टाकल्या आणि जुन्या पद्धतीच्या नव्या तबल्या बसवल्या. दादाला हाताला धरून आणलं. त्यानं जबडा टेकवला, तार छेडली, मान हलवली. त्याला मिळालं होतं. दोन दिवसांत त्यानं अशी जवारी काढली, की मला रडू आलं. मी स्वतः ती जोड कुरुंदवाडला घेऊन गेलो. बुवांनी गाण्यासाठी दुसरीच जोड मागून आणली होती. त्यांनी आमची हातातही घेतली नाही. वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता माज्या कानात तेच बसलंय हो. बहिऱ्याच्या हातची जवारी, हे मनातनं जात न्हाय."

बुवांनी कुणाला मुद्दाम सांगितलं असेल असं नाही, पण गोष्ट पसरली. गिऱ्हाईक आल्याबरोबर विचारायला लागलं, "जवारी कोण काढणार?" दादाचं नाव घेतलं की त्यांची बोटं घोडीवर जायची आणि नसलेला दोष सापडायचा. मी तेच तंबोरे, ती जवारी माझी आहे म्हणून विकून बघितले. लोक वाहवा करायचे. दादाला ओठ वाचता येत होते. तिसऱ्यांदा मी तसं बोललो तेव्हा तो उठून मागच्या खोलीत गेला आणि त्यानं कानस पुन्हा हातात धरली नाही.

मग जवारी मी काढायला लागलो. बरी काढायचो, फार नव्हे. पट्ट्यांची तबली मात्र चालली. ती एस.टी.च्या टपावर टिकायची, खचायची नाही, मास्तर लोक खूश असायचे. पुढं आणखी दुकानांनी ती उचलली. शोध कुणाचा असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. दादा भोपळे वाळवायचा, घासायचा, त्यांच्या पोटातला गर काढायचा. दहा बोटांत एवढी विद्या असलेला माणूस भोपळे घासत बसला.

एकदा दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. तो समोर भोपळा घासत बसला होता. माझ्या मनात ते फार दिवस साचलं होतं, ते बाहेर आलं. "दादा, मी तुजा हात तोडला. मला माफ कर." पण त्याच्याकडं बघून म्हणायची हिंमत नव्हती. मी मान खाली घालून बोललो.

त्याला काहीतरी हललेलं दिसलं असावं. त्यानं हात पुढं करून माझी हनुवटी वर केली आणि म्हणाला, "काय म्हणालास? परत सांग."

त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"च्या सांगू का म्हणालो," मी म्हणालो.

"सांग की," दादा म्हणाला आणि भोपळा घासायला लागला.

त्यानंतर तो तीन वर्षं होता. रोज आम्ही समोरासमोर बसायचो. ते वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही.