आप्पांनी जुळवलेली बत्तीस पानं

"हा शब्द काढला तर काय पडतं?" असं आप्पा विचारायचे. उजव्या हाताची बोटं शाईनं काळी झालेली. ती गुडघ्यावर ठेवायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. उत्तराची घाई नाही.

शिरूरला जुन्या पेठेत एक छापखाना होता, तिथं ते कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, दहाव्याची पत्रं, यात्रेची हँडबिलं. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलून ओळ जुळवायची, छापून झालं की तेच खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. एकेक अक्षर हातानं उचलणाऱ्या माणसाला जादा शब्द लगेच कळतो, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

मी तेव्हा पंचायत समितीत कारकून होतो. नव्वद सालानंतरचे ते दिवस. कविता करत होतो आणि त्या कुणाला दाखवाव्यात हे माहीत नव्हतं. अशी माणसं तालुक्यात बरीच असतात, तुम्हीही पाहिली असतील. आप्पांनी ती एकेक करून हुडकली. पत्रिका छापायला आलेला माणूस मजकुरात दोन ओळी स्वतःच्या घालायचा, आप्पा त्या वाचून म्हणायचे, "रविवारी सकाळी या. अजून काय काय लिहिलंय ते घेऊन या."

रविवारी छापखाना बंद असायचा. कागदाच्या रिमांवर आम्ही सात-आठ जण बसायचो. नियम दोनच होते. कविता दोनदा वाचायची. आणि दुसऱ्याच्या कवितेतला शब्द कुणी बदलायचा नाही, फक्त विचारायचं.

"हितं कुणी कुणाचा गुरू न्हाई," आप्पा म्हणायचे. "मी तर खिळं जुळवणारा माणूस."

दौंडचे एक रेल्वे गेटमन यायचे. त्यांच्या प्रत्येक ओळीला यमक. मी एकदा त्यांना म्हटलं, यमक सोडा, आता असं कुणी लिहीत नाही. ते बिचारे ओशाळले. आप्पा माझ्याकडे वळले.

"भाऊसाहेब, त्यांना यमक पायजे तर त्यांचं यमक पक्कं करू. तुमच्यासारखं कशापायी करायचं? तुम्ही हायच की."

सगळ्यात चांगली लिहायची ती केंदूरची ताई. अंगणवाडीत मदतनीस होती. लहानपणी आईबापांबरोबर दौंडकडच्या उसाच्या फडात राबलेली. तिची एक कविता होती कोयत्यावर. त्यात 'थकलेला हात' असं होतं. आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ताई ती ओळ पुटपुटून बघून म्हणाली, "काहीच न्हाई पडत." पुढच्या रविवारी तो शब्द तिनं काढून आणला. हात मात्र जास्त थकलेला वाटला.

तसाच दुसऱ्या एका कवितेत 'पाचटावर' असा शब्द होता, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यावर. आप्पांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्यो काढला तर माझी आई पडती, आप्पा," ती म्हणाली. "तिथंच बसायची ती."

"मग राहू द्या," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी बोट असं उचललं की जणू कुणाच्या पायावर पडलं होतं.

तिचं पुस्तक व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. आमच्या ओळखीचे, साखर कारखान्यावरचे एक पुढारी खर्च करायला तयार झाले. प्रस्तावना त्यांची, पहिल्या पानावर फोटो त्यांचा, आणि फडावरच्या दोन कविता तेवढ्या गाळायच्या. हा निरोप मीच आणला होता. दोन कवितांनी काय होतं, असंही मी म्हणालो.

"तिला विचारा," आप्पा म्हणाले. "पुस्तक तिचं हाय."

ती 'न्हाई' म्हणाली. एवढंच म्हणाली.

मग आप्पांनी मालकाची परवानगी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच ते पुस्तक जुळवायला घेतलं. चौसष्ट पानं व्हायची होती. खिळे पुरेसे नव्हते. चार पानं जुळवायची, छापायची, मोडायची, मग पुढची चार. एकेका चार पानांना दोन-दोन महिने जायचे.

इकडे त्या पुढाऱ्यांची सोय वाया जात होती. मी माझी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाढदिवसासाठी एक कविता लिहून द्या म्हणाले, ती दिली. तीन महिन्यांत पुण्याहून रंगीत कव्हरचं पुस्तक छापून आलं. पहिली प्रत मी आप्पांना नेऊन दिली. त्यांनी तिथंच उभ्यानं सगळं पुस्तक वाचलं. एकही पान सोडलं नाही. मग पुसून माझ्या हातात परत दिलं.

"छपाई चांगली झालीय," ते म्हणाले.

शब्दाबद्दल विचारलं नाही. त्यानंतर मी रविवारी गेलो नाही. कामं निघतात, असं घरी सांगत राहिलो.

पुढचं मला गेटमनकडून कळत गेलं. गावात कॉम्प्युटरवर पत्रिका निघायला लागल्या. मालकानं मशीन आणि खिळे भंगारात घातले. ताईच्या पुस्तकाची बत्तीस पानं छापून झाली होती. आप्पांनी तिला बोलावून विचारलं, उरलेली पानं कॉम्प्युटरवर करायची का. ती म्हणाली, "तुमच्या हातानं झालं तर बरं वाटंल." म्हणून चाळीस प्रती करायच्या ठरल्या. अर्धं पुस्तक छापलेलं आणि उरलेली बत्तीस पानं आप्पा घरी बसून हातानं लिहीत होते. प्रत्येक प्रतीत. डोळ्यात मोतीबिंदू असताना.

गेटमनांची बदली झाली आणि बातमी यायची थांबली. आप्पांचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

आप्पा गेल्याचं मला ऑफिसात कळलं, तेही पाचव्या दिवशी. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागं उभा राहिलो. सगळे पांगल्यावर आप्पांच्या पत्नीनं, काकूंनी, मला हाक मारली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुमच्याकडं गाडी हाय. एवढं केंदूरला पोचवाल का?" त्यांनी पुस्तकांचा गठ्ठा दिला. धाग्यानं शिवलेल्या सव्वीस प्रती. सत्ताविसावी सुटी होती, शाई एका ओळीच्या मध्यावर संपलेली.

ताई अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती. गठ्ठा तिनं मांडीवर घेतला. बराच वेळ नुसता हात फिरवत राहिली.

"शेवटी काय बोललं का वो आप्पा?"

"मला माहीत नाही, ताई. मी गेलोच नव्हतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती सुटी प्रत उघडून अक्षर जिथं थांबलं होतं तिथून पुढची कविता म्हणायला लागली. सावकाश, न अडखळता, कुणी ऐकतंय का हे न बघता.

ती कविता मी कितीतरी रविवारी ऐकली होती. दर वेळी दोनदा. पुढची ओळ कुठली, हे मला आठवेना.