स्क्रिप्ट बंद करायची खूण

कुरखेड्यात बसस्टँडजवळ मी नेट कॅफे चालवत होते, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट फार हळू असायचं. पानं अर्धवट उघडून अडकायची. त्यावर मला एक उपाय सापडला होता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता. त्यातली खूण काढली की पानावर आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, बंद व्हायचे. नुसती अक्षरं आणि फोटो उरायचे. तेवढं आमच्या तारेला झेपायचं.

एकदा माझे दीर ऊर्जानगरहून आले आणि त्यांनी हौसेनं नवा ब्राउझर टाकून दिला. जुना काढून टाकला.

ते गेल्यावर, बाजाराच्या दिवशी, तलावातले मासे विकणारी एक बाई आली. तिची मुलगी हैदराबादला नर्स होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. जावयानं नातीचा फोटो मेलवर पाठवला होता. टोपली दाराबाहेर ठेवून, पदराला हात पुसत ती स्टुलावर बसली.

मेलचं पान अडकलं. मी सवयीनं सेटिंग उघडलं, तर चौकोनच नाही. सगळे मेनू पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. लाइन तुटली, परत जोडली. बाईची नजर माझ्या बोटांवर होती. शेवटी तिची गाडी लागली. जाता जाता तिनं विचारलं, "पुढच्या बाजारी तरी दिसन का, बाई?"

मी दिरांना फोन लावला. ते म्हणाले, "कंपनीनंच नव्या ब्राउझरात तो चौकोन ठेवला नाई, वहिनी. बंद करून पाह्यते कोण?"

"मी पाह्यतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ते माझ्यावर हसले नव्हते, तरी दिवसभर चैन पडेना. माझ्या मशीनवर काय चालावं आणि काय नाही, हे माझ्या हातून कोणीतरी न विचारता काढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी शटर ओढलं आणि एसटीनं ऊर्जानगर गाठलं. दिरांकडे जुन्या ब्राउझरची सीडी होती. ती आणून जुना ब्राउझर परत टाकला आणि चौकोनातली खूण काढली.

पुढच्या बाजारी फोटो वरून खाली हळूहळू उतरत गेला. आधी काळं जावळ, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. बाईनं काचेवर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"मायवर गेली," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामासाठी एक सरकारी पान उघडलं. त्यावर लिहून आलं, स्क्रिप्ट चालू करा, नाहीतर पुढे जाता येणार नाही. मी खूण परत लावली. मग काढली. बाहेर ते गिऱ्हाईक ताटकळत होतं, आणि माझा हात काही माउसवरून हलेना.