सांधेदुखीची पुडी

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी नाशकात घरोघरी हिंडून फॉर्म भरायचं काम करत होते. एका संशोधन संस्थेला झाडपाल्याच्या औषधांबद्दल लोकांचं मत काय, ते हवं होतं. सिडकोत जा, सातपूरला जा, आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि मग ठरलेलं उत्तर: झाडपाल्याचंच तर आहे, त्यानं काय अपाय होणार? अपायाच्या रकान्यात मी 'नाही' लिहायचे आणि पुढच्या घराची बेल दाबायचे. मलाही ते पटायचं.

आमच्या घरातच उदाहरण होतं ना! बाबा जन्मभर कारखान्यात लेथसमोर उभे राहिले आणि रिटायर झाले तेव्हा गुडघे कामातून गेलेले. जिना उतरायचा तर एकेका पायरीवर बसत उतरायचे. मग कुणीतरी पंचवटीतला एक वैद्य सुचवला. त्याची राखाडी पुडी रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. आठ दिवसांत बाबा चालत भाजी आणायला गेले. आईनं त्या वैद्याला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं.

वर्षभरात बाबांचे गाल भरले, चेहरा गोल झाला, पोट सुटलं. जन्मभराचा काटकुळा माणूस! आल्यागेल्याला आई कौतुकानं सांगायची, आता कुठं खाल्लेलं अंगाला लागतंय बघा. हातपाय मात्र बारीक होत चालले होते, जरा कुठे लागलं की कातडीखाली काळंनिळं व्हायचं. तिकडे कुणी बघितलं नाही. मी तर मुळीच नाही. उलट ठरलेल्या आकड्याला फॉर्म कमी पडले तेव्हा एक आमच्याच घराचा भरला. अपाय: नाही.

काम संपल्यावर संस्थेनं आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. तिथे एक डॉक्टरबाई पडद्यावर फोटो दाखवत होत्या. काही जण झाडपाल्याच्या नावाखाली पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात, असं त्या सांगत होत्या. गोल चेहरे, सुटलेली पोटं, काटक्यांसारखे हातपाय. पडद्यावर जणू आमचे बाबाच होते. बाई पुढेही बोलत होत्या, पण मी ऐकायला थांबतेय कुठली! पर्स उचलली आणि थेट घर गाठलं.

पुड्यांचा अख्खा डबा मोरीत उपडा केला. आई रडायला लागली. बाबा एवढंच म्हणाले, "अगं, चालता येतंय मला."

"चालायला आधी जिवंत राहावं लागतं," मी म्हणाले. काय तो माझा तोरा! वर बाबांना माझी शपथ घातली, पुन्हा पुडीला हात लावायचा नाही म्हणून.

दोन दिवसांनी ते अंथरुणावरून उठेनात. मग उलट्या सुरू झाल्या. सवय मोडताना थोडा त्रास व्हायचाच, असं मीच घरात सगळ्यांना ऐकवलं. आईला राहवेना. ती मला न सांगता पंचवटीत जाऊन एक पुडी घेऊन आली, पाण्यात कालवून बाबांच्या तोंडाशी धरली. त्यांनी तोंड फिरवलं. पोरीनं शपथ घातलीय, म्हणाले. हे मला आईनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत ते बेशुद्ध झाले होते. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पुडीचं, मोरीचं. त्यांनी कपाळावर हात मारला. असं औषध एकदम तोडायचं नसतं, महिनोन्‌महिने हळूहळू उतरवायचं असतं, नाहीतर शरीर कोलमडतं, असं त्यांनी सांगितलं. त्या हॉलमधल्या बाई पुढे हेच सांगत असणार. मी दहा मिनिटं बसले असते तर! बाबा पहाटे गेले.

तो वैद्य पांढरे कपडे घालून आमच्याकडे भेटायला आला. आईजवळ बसून डोळे पुसले त्यानं. त्याला धरून घराबाहेर काढावंसं वाटत होतं, पण बोलणार कुठल्या तोंडानं? गल्लीत सगळ्यांचं एकच म्हणणं. पुडी होती तोवर माणूस चालत होता, शिकल्यासवरल्या पोरीनं बंद केली आणि आठवड्यात गेला. यातला एक शब्दही खोटा नव्हता, त्याचाच संताप यायचा. आमच्या गल्लीतून वैद्याकडे जाणारे उलट वाढले.

पाच-सहा वर्षांनी आईचे गुडघे धरले. तिनं कुणाला विचारलं नाही, रिक्षा करून पंचवटी गाठली आणि त्याच वैद्याची पुडी सुरू केली. आता तिचेही गाल भरलेत. डॉक्टरांकडे चल, ते सांगतील तशी हळूहळू कमी करू, मी सोबत राहीन, म्हणून मी तिच्या अक्षरशः पाया पडते. ती पुडी पाण्यात ढवळत असते. हात थांबत नाही, आवाजही चढत नाही.

"एकाला सोडवलंस तेवढं पुरे," ती म्हणते. "मला राहू दे."