गयाबाईच्या नावाची घागर

ठिपकेमामा पाणी पिण्याआधी तांब्या वाचायचे. कुणाच्या घरी गेले, लग्नात पंगतीला बसले, नाहीतर मयतीहून येऊन ओसरीवर टेकले, तरी हातात तांब्या आला की आधी तो फिरवायचा, काठाखालून अंगठा सरकवायचा, ओठ हलवत नाव वाचायचं आणि मगच घोट घ्यायचा. घरातल्या बाईला वाटायचं, भांडं नीट घासलंय का ते बघतायत. एकदोन ठिकाणी तर बायकांनी तांब्या हातातून काढून घेऊन परत घासून आणलेला मी पाहिलाय. मामांना त्याचं काही नसे. ते शांतपणे विचारायचे, हा तुमच्या मोठ्या जावेच्या माहेरचा ना, तुमच्याकडं कसा आला? झालं. मामा पाणी पिऊन निघून जायचे आणि त्या घरात दोन दिवस जावा-जावांचं जुंपलेलं असायचं.

वसमतच्या भांड्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून ते बसत. समोर एक छोटी हातोडी, एक पोलादी छिन्नी, बास. लग्नाचा आहेर घेतलेली माणसं भांडी त्यांच्यापुढं ठेवत आणि नाव सांगत. ते नाव मामा एकदा मोठ्यानं म्हणून दाखवायचे, मग ठक ठक करत ठिपक्या-ठिपक्यांनी टोचायचे. नाव संपलं की शेवटी थोडी जागा सोडून एक ठिपका जास्तीचा. लेकराला तीट लावतात तसा, असं ते म्हणायचे. शेजारीच माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. त्या ठकठकीनं माझं डोकं उठायचं आणि मी फटकळ, तसं बोलूनही दाखवायची. मामा हसायचे. समोरच्या दुकानात विजेच्या पेननं नावं घालणारी पोरं आली आणि मामांचं काम अर्ध्यावर आलं, तेव्हा मीच उलट त्या पोरांना नावं ठेवायला लागले. मामा म्हणाले, "असू दे की, माय. ते लिहून राहिलेत. मी टोचतो."

गंमत म्हणजे अख्ख्या तालुक्याची नावं टोचणाऱ्या या माणसाचं खरं नाव गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. विचारावं असं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही.

जुनी भांडी मोडीत निघाली की मात्र मामा पायरीवरून उठायचे. मोडीच्या तराजूत भांडं पडायच्या आत ते हातात घ्यायचे, कानशीनं त्यावरचं नाव घासून काढायचे. फुकट. मेलेल्या माणसाला तराजूत काहून बसवायचं, हा त्यांचा सवाल. पण नुसतं वरून घासून भागत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. ठिपके पत्र्याच्या आतल्या अंगानं वर आलेले असतात, ते आतून ठोकून सपाट करावे लागतात. घागरीचं तोंड अरुंद, तिथं हातोडी फिरत नाही, म्हणून घागर मोडीला आली की ते हळहळायचे. "नाव एकदा उठलं की उठलं, माय. ते काय पाटीवरचं न्हाई."

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते माझ्या दुकानात येऊन बसत. मी त्यांना मोबाइलवर जुन्या वस्तूंचे लिलाव दाखवायला लागले आणि मामांना नादच लागला. घरबसल्या देशभरची माणसं फोटो बघून समया, घंगाळी, पानदान यांवर बोली लावतायत, हे त्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी त्यांचे डोळे कामाला लावले. "मोठं कर," म्हणायचे, आणि मी फोटो मोठा केला की त्यांचं सुरू. ही निजामाच्या काळातली म्हणून राहिला, पण नाव मशीननं घातलंय. ह्या घागरीच्या पोटाशी दातेरी सांधा न्हाई, ही कालची हाय. हा फोटो आपण परवा दुसऱ्याच माणसाच्या नावावर पाहिला ना गं? मी त्या त्या ठिकाणी तक्रारीचं बटण दाबायची. कधी जाहिरात निघायची, बहुतेक वेळा नाही. आम्हाला दोघांना भारी मजा यायची. लबाड लोक लांब कुठेतरी असतात आणि आपण पायरीवर बसून त्यांना पकडतो, असं वाटायचं.

एका दुपारी पडद्यावर एक तांब्याची घागर आली. खाली लिहिलं होतं, हिंगोली भागातल्या जुन्या देशमुख घराण्यातील गयाबाई यांची निजामकालीन घागर. मी फोटो मोठा केला. गळ्याखाली ठिपक्यांत नाव होतं, गयाबाई, आणि थोडी जागा सोडून एक जास्तीचा ठिपका.

मामा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आई देशमुखीण झाली की," म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी ते तुकड्या-तुकड्यानं काढून घेतलं. वर्षभरापूर्वी बाहेरगावचा एक व्यापारी टेम्पोतून अठरा घागरी घेऊन आला होता. नव्याच, पण कसलंसं पाणी मारून काळवंडवलेल्या. हॉटेलात शोभेला ठेवायच्यात म्हणाला, त्यावर जुन्या बाईचं नाव पाहिजे, कोणतंही टाका. मामांची आई गयाबाई. जन्मभर दुसऱ्याच्या हळद शिजवायच्या कढईवर राबली, मेली तेव्हाही तिचे तळहात पिवळे होते. "हजारो बायांची नावं टोचली मी. आईचं न्हाई. टोचावं असं भांडंच नव्हतं घरात. जर्मनच्या पातळ पातेल्याला छिन्नी लावली तर भोक पडंल." म्हणून कोणतंही टाका म्हटल्यावर त्यांनी ते टाकलं. अठरा वेळा. शेवटच्या घागरीपर्यंत हात आनंदात होता, असं म्हणाले.

मी तेव्हाच तक्रार करायला हवी होती. इतरांच्या लबाडीवर बटण दाबायला माझं बोट एका पायावर तयार असायचं. त्या दिवशी मी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा सांगितला.

पंधरा दिवसांनी नागपूरच्या एक बाई गल्लीत आल्या. साठीच्या, नीटनेटक्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. चादरीत गुंडाळलेली घागर लेकरासारखी पोटाशी धरलेली. त्यांच्या आजीचं नाव गयाबाई, सेनगाव तालुक्यातल्या कुठल्याशा गावची, बहुधा पुसेगावकडची. तरुणपणी विधवा झाली, पोरांना घेऊन चालत निघाली, आणि मागं काय होतं त्याबद्दल मरेपर्यंत बोलली नाही. तिची वस्तू म्हणून घरात एक चमचासुद्धा नव्हता. आणि मग लिलावात हिंगोलीचं नाव, गयाबाईचं नाव. हे नाव कुणाच्या हातचं, हे कोण ओळखेल, असं त्यांनी दुकानादुकानात विचारलं आणि सगळ्या गल्लीनं त्यांना मामांकडे पाठवलं.

मी माझ्या दारात उभी होते. बाई साध्याभोळ्या नव्हत्या. त्यांनी सगळी चौकशी केली होती. त्या लिलावात पैसे लगेच विकणाऱ्याला मिळत नाहीत, मध्येच अडवून ठेवतात. वस्तू हातात आली, वर्णनाप्रमाणे आहे असं घेणाऱ्यानं बटण दाबून सांगितलं, की मग सुटतात. नाही म्हटलं तर वस्तू परत, पैसे परत. सात दिवसांची मुदत. बाईंचे दोन दिवस उरले होते. मोबाइल हातात धरून त्या मामांना म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणालात तर मी दाबते."

मामांनी घागर मांडीवर घेतली. अंगठा नावावरून फिरला, शेवटच्या ठिपक्यावर थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. बाईंच्या डोळ्यांतून आधीच पाणी वाहत होतं.

"जुनी हाय, ताई," मामा म्हणाले. "आपल्याकडचीच हाय."

बाईंनी तिथंच बटण दाबलं. मग मामांचा हात धरून म्हणाल्या, आजीच्या नावाखाली माझंही घाला, नात सुमन. मामांनी नाव मोठ्यानं म्हणून दाखवलं नाही. नुसती छिन्नी उचलली. पहिल्याच ठोक्याला हात घसरला आणि सुमनमधला सु वाकडा झाला. बाई म्हणाल्या, असू दे, छान दिसतंय. पैसे मामांनी घेतले नाहीत. मीही दारातच उभी होते, मलाही तोंड होतं, आणि एरवी त्या तोंडाला कधी कुलूप नसतं. माझ्या एका वाक्यानं त्या बाई वाचल्या असत्या. मी बोलले नाही. आजतागायत मला माझी लाज वाटते.

त्यानंतर मामांनी तांब्या वाचणं सोडलं. कुणी पाणी दिलं तर प्लास्टिकचा ग्लास मागायचे. का खोटं बोललात, असं मी शेवटी विचारलंच. भीती वाटली म्हणाले, आपणच टोचलं हे कसं सांगू. मग म्हणाले, "आणि ती रडून राहिली ना गं. वाटलं, माझ्या आईची तर न्हाई झाली घागर. कुणाच्या तरी आजीची होऊ दे." पण आई काही ऐकेना. रोज स्वप्नात यायची, पिवळे हात पुढं करायची आणि एकच विचारायची, "माझं नाव घेऊन कोण पाणी भरून राहिलं रे?"

ते दिवसेंदिवस वाळत चालले. त्या बाईंना शोध म्हणून माझ्यामागं लागले. त्यांचा नंबर आम्ही घेतला नव्हता, त्यांनी दिला नव्हता. लिलाववाल्यांना मी चार वेळा लिहिलं. घेणाऱ्याची माहिती देता येत नाही, व्यवहार पूर्ण झालेला आहे, असं चारही वेळा उत्तर आलं. बरोबरच होतं त्यांचं. मामांच्या शब्दावर तो पूर्ण झाला होता.

मग एका सकाळी ते धुतलेला सदरा घालून आले, मला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला आणि बोलले. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचं नाव ऐकलं. "मी किसन. गयाबाईचा पोरगा. तिच्या नावाच्या अठरा घागरी नव्या हायेत. त्यावरचं नाव मी टोचलंय. माझी आई देशमुखीण नव्हती, हळदीवर मजूर होती. नावामागं जास्तीचा ठिपका हाय, तो बघा आणि घागर परत करा." तेवढंच. मी ते जमेल तिथं टाकलं. तीन जणांनी ते दाखवून आपले पैसे परत मिळवले आणि तसं कळवलं. व्यापाऱ्यानं एका नावानं दुकान बंद करून दुसऱ्या नावानं उघडलं. इकडं पायरीच्या मालकानं मामांना सांगितलं, गल्लीची बदनामी झाली, काही दिवस बसू नका. मामांनी गोणपाट उचललं आणि माझ्या दारात टाकलं. गिऱ्हाईक येत नव्हतं. ते नुसतेच बसत. नागपूरहून काही आलं का, एवढंच दिवसातून दोनदा विचारत.

हळदीचा हंगाम सरता सरता ते गेले. त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी आपली कानस माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती घागर कधी दिसली तर सोडू नकोस म्हणाले. "आईला तेवढं काढून घे त्यातून. नातीचं राहू दे, तिची काय चूक." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला आपण कशालाही हो म्हणतो.

गेल्या महिन्यात घागर दिसली. गयाबाई, जास्तीचा ठिपका, खाली नात सुमन, सु वाकडा. विकणारा बाईंचा मुलगा होता. त्यानं अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: आमच्या पणजीची घागर, वसमतच्या जाणकाराकडून तपासून घेतलेली. आई गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत ती याच घागरीतलं पाणी भरून प्यायची.

मी बोली लावली. दुसरा कुणीतरी वाढवत होता, मीही वाढवत गेले, आणि घागर मला मिळाली. चार दिवसांनी ती खोक्यातून आली. मोबाइलवर विचारणा आली, वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का? नाही म्हटलं असतं तर घागर परत गेली असती आणि तिसऱ्या कुणाच्या तरी आजीची झाली असती. त्या मुलाला खरं लिहावं म्हणून दोनदा मजकूर लिहिला, दोनदा पुसला. त्याच्या आईनं त्यात मरेपर्यंत पाणी भरलंय, त्याला मी काय सांगणार होते? मी हो दाबलं. मामांनी ज्या पायरीवर बसून हो म्हटलं, तिथून चार पावलांवर उभं राहून.

मग शटर अर्धं ओढलं आणि कानस घेतली. मला सवय नाही, दुपार गेली, बोटं सोलली. पण नाव निघालं. गळ्याखाली नुसता लालसर चकचकीत पट्टा उरला, आणि त्याच्याखाली वाकडं, एकटं, नात सुमन. कुणाची नात, ते आता कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, काढली बघा तुमची आई.

भुकटी पुसावी म्हणून मी फडकं घेऊन घागरीत हात घातला. बोटं आतून गळ्याखाली टेकली आणि तिथंच थांबली. एकेक ठिपका वर आलेला होता, उलटा, टोकदार, सगळा जागेवर. शेवटचा जास्तीचासुद्धा. आत हातोडी फिरत नाही.

घागर माझ्या दुकानात टेबलाखाली आहे. झाकण घालून ठेवलीय. तिच्यात मी पाणी भरत नाही.