दाजींची शिट्टी

विश्रांती ही कवायतीइतक्याच शिस्तीनं घ्यायची असते, असं मानणारा माणूस सबंध बिदर जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. अक्का माझी थोरली बहीण. दाजी तिचे यजमान, भालकीच्या एका शाळेत कवायतीचे मास्तर. गळ्यात शिट्टी चोवीस तास. जेवताना ती वरणात बुडू नये म्हणून पाठीवर टाकायचे. संक्रांत झाली की ते अक्काला, माझ्या दोन्ही भाच्यांना आणि मला घेऊन रेल्वेनं हैदराबादच्या नुमाइशीला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, निघत. धर्मशाळेत मुक्काम आणि रोज प्रदर्शनाच्या मैदानावर. बाकीचे लोक पाळणे, छोटी रेल्वे, मौत का कुआँ सगळं एका दमात उरकायचे आणि संध्याकाळी रडक्या पोरांना फरफटत घरी न्यायचे. दाजी मात्र घरून सतरंजी घेऊन जात.

लिंबाच्या झाडाखाली ती अंथरली की दाजींचं राज्य सुरू. एक लांब शिट्टी म्हणजे पळा, खेळा. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे असाल तिथून या आणि आडवे व्हा. छोट्या रेल्वेतून उतरलं की आडवं, भजी खाल्ली की आडवं. मी कॉलेजात जाणारा घोडा, भर गर्दीत उताणा पडायची मला लाज वाटायची. पण दिवस मावळताना ताजेतवाने असे आम्हीच. एकदा शिट्टी ऐकून पोलीस धावत आला. "क्या हुआ मास्टरसाब?" दाजी म्हणाले, "कुछ नै हुआ. पाँव दुखरे ना तुम्हारे? बैठो जरा." तो बिचारा बूट काढून बसला आणि बघता बघता घोरू लागला. ऊन लागू नये म्हणून दाजींनी त्याच्या तोंडावर स्वतःचा रुमाल टाकला.

या सगळ्या सैन्यात शिट्टीला दाद न देणारी एकच, आमची अक्का. आणि खरं तर हा सारा खटाटोप तिच्यासाठीच होता. तिची पाठ कामातून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आराम केला नाही तर कायमचं अंथरूण धराल. घरी सासूसासरे, गुरं, येणंजाणं. तिथं ती टेकणं शक्यच नव्हतं. म्हणून दाजी तिला घरापासून इतक्या लांब आणायचे. पण अक्का सतरंजीवर बसूनसुद्धा वाटाणे सोलायची, भाच्यांच्या झग्यांना टाके घालायची. पोलीस झोपला त्याच दिवशी दाजींनी वाटाण्यांची पिशवी लपवली, तर ती शेजारच्या अनोळखी बाईचं रडकं लेकरू थोपटायला लागली.

"अगं, हात रिकामे ठेव की जरा!"

"कामून? मला काय झालंय? रिकाम्या हातांनी बसले तर मलाच कसंतरी व्हायलंय."

दाजींची नजर वर गेली, मोठ्या पाळण्याकडे. शाळेच्या गच्चीवर जायलाही घाबरणाऱ्या या माणसानं उठून अक्काचा हात धरला. "चल. तिथं दोन्ही हातांनी दांडी धरून बसावं लागतंय." अक्का नको नको म्हणत असतानाच ते तिला घेऊन पाळण्यात बसले.

आम्ही खालून बघत होतो. दाजींनी डोळे गच्च मिटले होते, शिट्टी दातांत धरली होती आणि भीतीनं श्वास सुटेल तशी ती वरून चिरकत होती. खाली झोपलेला पोलीस दचकून उठला. लोक हसत होते. पाळणा माणसं चढवायला थांबला तेव्हा त्यांची पेटी अगदी टोकावर होती. पेटी खाली आली की दाजी डोळे न उघडताच पाळणेवाल्याला ओरडत, "और एक चक्कर, भैया!" पुन्हा वर, पुन्हा ते चिरकणं. उतरले तेव्हा दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. अक्का मात्र कधी नव्हे ती सावकाश चालत आली. सतरंजीवर बसली. हात मांडीवर, रिकामे. मला म्हणाली, "वर लई शांत हाय रे. कुणीच हाक मारत न्हाई."

त्यानंतर दर वर्षी दाजी तिच्यासोबत पाळण्यात बसले, दर वर्षी डोळे मिटूनच. अक्काची पाठ एकदम बरी झाली असं नाही, पण तिनं अंथरूण धरलं नाही. त्या माणसाबद्दल मला केवढा आदर वाटतो ते त्यांच्यासमोर मात्र कधी बोलता आलं नाही.

दाजी गेले. परवा भालकीला गेलो होतो. घरात पाहुण्यांची वर्दळ, आणि अक्काची धाकटी जाऊ सकाळपासून चुलीपुढं उभी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दोन तुटक शिट्ट्या आल्या. आत डोकावलो. अक्कानं ती जुनी सतरंजी चुलीजवळच अंथरली होती आणि जावेच्या हातातली पळी काढून घेत होती.

"बस गं बाई. भाकरी पळून चालल्या का?"

मग तीही शेजारी बसली. शिट्टी पदराला पुसून तिनं गळ्यात घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.